नव्या गावात मुलांची शाळा: आधी दाखिला, मग दाखला

दिवाळी झाली की राळेगावात कापसाच्या गाड्या लागतात. जिनिंग सुरू होतं आणि कामाच्या मागे माणसंही येतात. कुणी जिनिंगवर, कुणी गवंडीकामाला, कुणी गॅरेज टाकायला, कुणाची बदली झालेली. काही बहिणी मुलांना घेऊन माहेरी परत येतात. त्यांना कारण कुणी विचारू नये, पण मुलांच्या शाळेचं मात्र विचारायलाच हवं.

आम्ही विचारतो तेव्हा उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. "दाखला नाही आला अजून. आला की नाव टाकू." हे उत्तर ऑगस्टमध्ये ऐकलं, तेच पुन्हा डिसेंबरमध्ये ऐकू येतं. तोवर मूल गल्लीत असतं, नाहीतर अब्बांच्या दुकानात.

यात एक घोळ शब्दाचाही आहे. उर्दूत 'दाखिला' म्हणजे प्रवेश. मराठीत 'दाखला' म्हणजे कागद, शाळा सोडल्याचं प्रमाणपत्र, ज्याला सगळे टीसी म्हणतात. आपल्या घरांत दोन्ही भाषा चालतात, त्यामुळे "दाखला झाला नाही" या एका वाक्यात दोन्ही गोष्टी मिसळून जातात. कागद नाही म्हणजे प्रवेश नाही, असं आपणच ठरवून टाकतो. कायद्याने मात्र या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. पहिलीपासून आठवीपर्यंत मूल आधी वर्गात बसतं, कागद मागून येतो. हा लेख त्याबद्दलच आहे.

कायदा काय सांगतो

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ सालचा. १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. याला आपण आरटीई म्हणतो. आरटीई म्हटलं की लोकांना फक्त खासगी शाळेतल्या २५ टक्के जागा आठवतात. पण गाव बदलणाऱ्या कुटुंबासाठी या कायद्यातली चार कलमं जास्त कामाची आहेत.

कलम ५: कुठल्याही कारणाने मुलाला शाळा बदलावी लागली, राज्यात असो की राज्याबाहेर, तर दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क त्याला आहे. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा आहे. तो यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबवता येत नाही, नाकारताही येत नाही. दाखला द्यायला उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकावर सेवानियमांप्रमाणे कारवाई होऊ शकते.

कलम १३: प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी, मुलाखत घेता येत नाही. देणगीही मागता येत नाही.

कलम १४: वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

कलम १५: वर्ष सुरू होऊन गेलं, प्रवेशाची मुदत संपली, तरी मुलाला घ्यावंच लागतं. जानेवारीत आलात तर जानेवारीत.

शिवाय कलम ९ नुसार स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळतो की नाही हे पाहणं स्थानिक प्राधिकरणाचं काम आहे. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत तुम्ही मेहेरबानी मागायला जात नाही.

शाळा शोधायची कशी

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत शाळा असायला हवी. सुरुवात या परिघातूनच करा. लहान मूल रोज चालत जाणार आहे. रस्ता ओलांडावा लागतो का, पावसाळ्यात नाला भरतो का, हे एकदा स्वतः चालून बघा.

शाळा ऐकीव माहितीवर ठरवू नका. "तिथं उर्दू शाळा आहे म्हणे" एवढ्यावर लोक खोली भाड्याने घेतात, आणि मग कळतं की शाळा चौथीपर्यंतच आहे. केंद्र सरकारच्या यू-डायस प्लस या संकेतस्थळावर 'नो युवर स्कूल' नावाची सोय आहे. त्यात जिल्हा यवतमाळ, तालुका राळेगाव निवडला की शाळांची यादी मिळते. शाळेच्या नावापुढे ११ आकडी यू-डायस क्रमांक असतो. आपल्या जिल्ह्यातल्या शाळांचा क्रमांक २७१४ ने सुरू होतो, २७ म्हणजे महाराष्ट्र आणि १४ म्हणजे यवतमाळ. शाळा कोणत्या वर्गापर्यंत आहे, माध्यम कोणतं, व्यवस्थापन कुणाचं, शिक्षक किती, हे तिथे दिसतं. मोबाईलवर जमत नसेल तर राळेगावच्या पंचायत समितीत गटशिक्षण कार्यालय आहे, तिथे जाऊन विचारा.

तीन प्रश्न नक्की विचारा. शाळा कितवीपर्यंत? माध्यम कोणतं? पुढच्या वर्गाची शाळा कुठे? तिसरा प्रश्न मुलींसाठी फार महत्त्वाचा आहे. आज तिसरीत असलेल्या मुलीची शाळा चौथीला किंवा पाचवीला संपत असेल, तर पुढे काय ते आजच ठरलेलं हवं. नाहीतर "शाळा लांब आहे, राहू द्या" हे वाक्य तयारच असतं. ग्रामीण भागातल्या मुलींना पाचवीपासून एसटीचा मोफत पास मिळतो, हेही घरात सगळ्यांना माहीत असू द्या.

एक गोष्ट बाहेरून येणाऱ्यांना माहीत नसते. विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात. पुणे, औरंगाबादकडे जूनच्या मध्यात घंटा वाजते, आपल्याकडे जूनचा शेवट येतो. म्हणून १५ जूनला शाळेला कुलूप दिसलं तर निराश होऊ नका. मात्र परत चक्कर मारायला विसरू नका.

सोबत काय न्यायचं

असतील तर हे कागद न्या: मुलाचा जन्मदाखला, मुलाचं आणि पालकांचं आधार, जुन्या शाळेचं प्रगतिपुस्तक, दाखला, मुलाचे दोन फोटो, भाडेपावती किंवा वीजबिल.

आता "असतील तर" या शब्दांकडे लक्ष द्या. जन्मदाखला नसेल तर दवाखान्याची किंवा नर्सबाईच्या रजिस्टरची नोंद चालते, अंगणवाडीची नोंद चालते, आणि यातलं काहीच नसेल तर पालकांनी लिहून दिलेलं वयाचं प्रतिज्ञापन चालतं. आधार नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती नाही असं सांगितलं आहे. आधार नंतर काढून घ्यावं, कारण पुढे त्याची गरज पडते. पण त्यासाठी मूल घरी बसवू नये.

जुन्या शाळेतून कुठलाही कागद आणता आला नाही तर निदान दोन गोष्टी मिळवा. एक, जुन्या शाळेचं पूर्ण नाव आणि गाव. दोन, मुलाचा पेन क्रमांक. हा ११ आकडी कायम शैक्षणिक क्रमांक यू-डायस प्लसवर प्रत्येक मुलाला दिलेला असतो आणि तो देशभर चालतो. पैनगंगेपलीकडच्या आदिलाबादहून आलेल्या मुलाचाही तो असतो. एवढ्या माहितीवर नवी शाळा ऑनलाइन मुलाची नोंद शोधू शकते आणि जुन्या शाळेकडे मागणी करू शकते. दुसऱ्या राज्यातल्या दाखल्यावर तिथल्या शिक्षण अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी आहे का, असं पुष्कळदा विचारलं जातं. निघतानाच ती घेतली तर एक फेरी वाचते. नसली तरी मूल वर्गात बसू शकतं.

माहेरी आलेल्या बहिणींना आम्ही मुद्दाम सांगतो. नाव टाकायला वडीलच हवेत असं काही नाही. कायद्यात पालक म्हणजे आई किंवा वडील, दोन्ही. आईची सही पुरते. सासरच्या गावातून कागद अडवून ठेवले असतील, तर ते आणायला भांडत बसण्याआधी मुलांना इथल्या शाळेत बसवा. कागदाची मागणी शाळा करेल. घरचा तंटा मिटायला वर्ष लागेल, पण मुलाचं वर्ष थांबत नाही.

गाव सोडण्याआधी

राळेगावात येणाऱ्यांइतकीच, इथून नागपूर, हिंगणघाट, पुण्याकडे जाणारीही कुटुंबं आहेत. त्यांच्यासाठी सांगतो. सामान बांधण्याआधी एक दिवस शाळेसाठी काढा.

दाखल्यासाठी लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. दाखला मिळाल्यावर तिथेच उभं राहून वाचा. मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख आणि जात हे चार रकाने तपासा.

आपल्याकडे नावाचा घोळ फार. 'शेख' कुठे नावाआधी, कुठे शेवटी. 'मोहम्मद'चं कुठे 'मो.' होतं, कुठे 'मोहंमद'. आधारवर एक, जन्मदाखल्यावर दुसरं, शाळेच्या रजिस्टरात तिसरं. लहानपणी कुणाला काही वाटत नाही. दहावीच्या वेळी, नोकरीच्या वेळी, पासपोर्टच्या वेळी हेच तीन स्पेलिंग समोर उभे राहतात. मूल शाळेत असेपर्यंत रजिस्टरातली चूक दुरुस्त करणं सोपं असतं. शाळा सोडल्यावर ते फार अवघड होतं.

जातीच्या रकान्याचंही तेच. तिथे नुसतं 'मुस्लिम' लिहिलं जातं. खरं तर बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मोमीन, मणियार अशा अनेक मुस्लिम जमाती महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. पुढे जातीचा दाखला काढताना आणि पडताळणीच्या वेळी प्राथमिक शाळेची नोंद सगळ्यात आधी मागतात. आजोबांच्या, वडिलांच्या दाखल्यावर जी नोंद आहे तीच मुलाच्या नोंदीत यायला हवी. पुरावा नेऊन दाखवा, अंदाजाने काही लिहून घेऊ नका.

आता शाळांच्या बाजूचीही एक खरी गोष्ट. शिक्षकांची संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर ठरते. ज्या शाळेत मुलं मोजकीच आहेत तिथे दोन-तीन मुलं गेली तर एका शिक्षकाचं पद जाऊ शकतं. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये "आत्ता नको, थोडं थांबा" असं ऐकायला मिळतं. आम्हीही शिक्षक आहोत, ही अडचण आम्हाला कळते. पण ती शाळेची अडचण आहे, तिचा भार मुलावर टाकता येणार नाही. आणि याचीच दुसरी बाजू अशी की नव्या गावातल्या जिल्हा परिषद शाळेला तुमचं मूल हवंच असतं. संकोच करू नका.

काही महिन्यांसाठीच बाहेरगावी जाणार असाल, ऊसतोड, वीटभट्टी, जिनिंग अशा कामावर, तर नाव काढण्याची घाई करू नका. शाळेकडून शिक्षण हमी कार्ड मागा. ते दाखवून मूल तिकडच्या शाळेत बसतं आणि परत आल्यावर आपल्या वर्गात येतं. सलग महिनाभर जे मूल कुठल्याच शाळेत जात नाही, ते शाळाबाह्य धरलं जातं. आणि आमचा अनुभव असा की शाळा सुटलेली मुलं बहुतेक वेळा कुणी ठरवून काढलेली नसतात. दोन गावांच्या मध्ये ती हरवतात.

उर्दूतून मराठीत यावं लागलं तर

मोठ्या शहरातून आलेल्या कुटुंबांचा हा सगळ्यात अवघड प्रश्न. मूल तिसरीत उर्दू माध्यमात होतं, नव्या जागी जवळ फक्त मराठी शाळा आहे. राज्यघटनेचं कलम ३५०-क सांगतं की भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्याने करावी. तरी सोय प्रत्येक गावात असतेच असं नाही. उर्दू शाळा चालत जाण्याच्या अंतरावर असेल आणि पुढचे वर्गही असतील तर माध्यम बदलू नका. नसेल तर मराठी शाळेला घाबरू नका.

यात धीर देणारं बरंच आहे. बालभारतीची गणिताची, परिसर अभ्यासाची पुस्तकं उर्दूत आणि मराठीत एकच असतात, फक्त भाषा बदलते. म्हणजे मुलाला आलेलं गणित वाया जात नाही. उर्दू माध्यमातही मराठी विषय असतो, २०२० च्या कायद्याने तो सर्व शाळांत सक्तीचा केला आहे. देवनागरी अक्षरं मुलाला ओळखीची असतात. कमी पडतो तो बोलण्याचा सराव.

आमच्या पाहण्यात अशी मुलं सुरुवातीला गप्प बसतात. त्यांना येत नाही म्हणून नाही, हसतील म्हणून. उर्दू बोलणाऱ्याच्या जिभेला 'ळ' आणि 'ण' जड जातात. मूल 'रालेगाव' म्हणतं, वर्ग हसतो, आणि ते तोंड मिटून घेतं. पहिल्या दिवशी वर्गशिक्षकांना भेटून एवढंच सांगा, "याचं माध्यम बदललंय, दोन-तीन महिने सांभाळून घ्या." घरी रोज पंधरा मिनिटं मराठी पुस्तक मोठ्याने वाचायला लावा. शेजारच्या मुलांत खेळू द्या. बोलणं तिथेच येतं.

"वर्ष कच्चं आहे, खालच्या वर्गात बसवा" अशी मागणी बऱ्याचदा पालकच करतात. ती करू नका. तिसरीचं मूल तिसरीतच बसेल. वयाने मोठं मूल लहानांच्यात बसलं की त्याचं मन शाळेतून उठतं. फक्त पाचवी आणि आठवीचं लक्षात ठेवा. राज्यात २०२३-२४ पासून या दोन वर्गांना वार्षिक परीक्षा आहे. नापास झाल्यास पुरवणी परीक्षा असते, त्यातही पास न झाल्यास मूल त्याच वर्गात राहू शकतं. म्हणून या वर्गांतून बाहेर पडताना निकालपत्रक घेऊनच निघा.

आणि उर्दू सोडू नका. बालभारतीची उर्दू पुस्तकं तिच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. मक्तब आहेच. फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असं ठरलं आहे. त्यामुळे सकाळच्या मक्तबला वेळ मिळतो. शाळा आणि मक्तब यांत निवड करायची वेळ येत नाही.

खासगी आणि संस्थेच्या शाळा

इथे साफ सांगायला हवं, कारण गैरसमज खूप आहेत. कलम ५ मधला शाळा बदलण्याचा हक्क सरकारी, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांपुरता आहे. विनाअनुदानित खासगी शाळेला तो लागू नाही. तिथे जागा देणं न देणं त्यांच्या हातात.

२५ टक्क्यांच्या जागा फक्त सुरुवातीच्या वर्गात, ऑनलाइन अर्ज आणि सोडतीने मिळतात. २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, सरकारी शाळा १ किलोमीटरच्या आत असल्यास खासगी शाळेला यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला. म्हणजे योजना सुरू आहे. पण यवतमाळला किंवा नागपूरला त्यातून पहिलीत लागलेलं मूल राळेगावच्या खासगी शाळेत तिसरीत त्याच हक्काने बसेल, असं धरून चालू नका.

अल्पसंख्याक संस्थांच्या उर्दू शाळांचं वेगळं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालाने आरटीई कायदा अल्पसंख्याक शाळांना, अनुदानित असल्या तरी, लागू नाही असं ठरवलं. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी या निकालावर शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवण्यास सांगितलं. तोवर आपल्याच संस्थांच्या शाळेत आपण कायद्याच्या जोरावर नाही, विनंतीने जातो. आपल्या संस्थाचालकांनाही आमची विनंती आहे. कायदा लागू असो नसो, वर्षाच्या मध्ये आलेल्या आपल्याच मुलाला "जागा नाही" म्हणून परत पाठवू नका.

फी थकली म्हणून खासगी शाळा दाखला अडवते, हा प्रकार कोरोनाकाळात फार झाला. तेव्हा २०२१ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने बजावलं होतं की दाखल्याशिवायही सरकारी आणि अनुदानित शाळांनी मुलांना प्रवेश द्यावा. फीचा हिशेब पालक आणि शाळा यांच्यात. मुलाचं शिकणं त्यात अडकत नाही.

नकार मिळाला तर

तोंडी नकार ऐकून घरी येऊ नका. शांतपणे म्हणा, "ठीक आहे, एवढं लिहून द्या." पुष्कळदा तिथेच काम होतं. नाही झालं तर अर्ज लिहा: मुलाचं नाव, वय, वर्ग, कोणत्या तारखेला प्रवेश मागितला, काय उत्तर मिळालं. कलम ५, १४ आणि १५ चा उल्लेख करा. पोच घ्या. मग पायऱ्या अशा: केंद्रप्रमुख, पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी, जिल्हा परिषद यवतमाळचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक). कलम ३२ प्रमाणे लेखी तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. त्यानेही समाधान झालं नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं.

बहुतेक वेळा गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या पुढे जायची गरज पडत नाही. शाळेत सगळेच अडवणारे नसतात. अनेकदा नव्या लिपिकाला, नव्या मुख्याध्यापकांना नियम ठाऊक नसतो. भांडण नको, फक्त ठामपणा हवा.

आपलं काम

नवं कुटुंब मोहल्ल्यात आलं की आपण पाणी विचारतो, किराणा दुकान दाखवतो, मशिदीची वेळ सांगतो. त्याच दिवशी आणखी एक प्रश्न विचारू या: मुलं कितवीत आहेत, उद्या त्यांना शाळेत कोण घेऊन जाणार? ज्याला कागद वाचता येतो त्याने सोबत जावं. जुम्म्याच्या दिवशी मशिदीच्या फलकावर एक चिठ्ठी लावता येईल, 'मुलांच्या शाळेसाठी यांना भेटा'. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. त्या जागांवर आपली नावं असली तर शाळेत आपला शब्दही ऐकला जातो.

सोमवारी सकाळी मुलाला अंघोळ घाला, केस विंचरा, हातात वही द्या आणि शाळेत घेऊन जा. दाखला आठवड्याने येईल, महिन्याने येईल. तोवर हजेरीत त्याचं नाव असू द्या.